अंगणापासून अँडीजपर्यंत

साहस करायचे तर दूर जावे लागते, अशी आपल्यापैकी पुष्कळांची समजूत असते. हिमशिखरे, घनदाट अरण्ये आणि खवळलेले समुद्र ही तेवढी साहसाची क्षेत्रे. घरामागचा ओढा, गावाबाहेरची टेकडी आणि शाळेच्या वाटेवरचा वड ही मात्र रोजची, म्हणून कवडीमोलाची, असे आपण मनाशी ठरवून टाकतो. दुसरी एक समजूत आपल्या वडीलधाऱ्या माणसांची असते. मूल जितका वेळ रानात, ओढ्याकाठी रमले, तितका त्याच्या अभ्यासाचा वेळ फुकट गेला, असे त्यांना वाटते. मुलांनो, या दोन्ही समजुती मला चुकीच्या वाटतात. दूरच्या साहसाची पहिली शाळा घराजवळच भरत असते, आणि त्या शाळेत घालवलेला वेळ वाया जात नाही, असे माझे मत आहे. हे मत नुसते सांगून तुम्हांला पटणार नाही. म्हणून एका महाविद्यालयीन विद्यार्थ्याची हकीकत पुढे ठेवतो.

या विद्यार्थ्याचे नाव चार्ल्स डार्विन. त्याचा जन्म १२ फेब्रुवारी १८०९ रोजी इंग्लंडमधील श्रूझबरी या गावी झाला. वडील नामांकित डॉक्टर होते. घरात कशाची उणीव नव्हती. परंतु शाळेतील लॅटिन आणि ग्रीक भाषांच्या पाठांतरात या मुलाचे मन रमत नसे. ते रमे दगडगोटे, शिंपले आणि किडे जमवण्यात. शिकारीचा आणि कुत्र्यांचाही त्याला मोठा नाद होता. हा मुलगा अशाने घराण्याला कमीपणा आणील, अशी चिंता वडिलांना वाटे, आणि एकदा त्यांनी ती कठोर शब्दांत बोलूनही दाखवली.

१८२५ साली वडिलांनी त्याला वैद्यकाच्या शिक्षणासाठी एडिंबरोला पाठवले. त्या काळी भूल देण्याची औषधे नव्हती. एका लहान मुलावर चाललेली शस्त्रक्रिया पाहणे त्याला असह्य झाले आणि तो तेथून बाहेर पडला. वैद्यक त्याच्या हातून सुटणार हे तेव्हाच दिसून आले. मात्र एडिंबरोची दोन वर्षे वाया गेली, असे म्हणता येणार नाही. गावाजवळच समुद्र होता. ओहोटीच्या वेळी खडकांतील डबक्यांत राहणारे सूक्ष्म जीव कसे शोधावेत, हे तो तेथे शिकला. कोळ्यांच्या होड्यांतूनही तो जाई. जॉन एडमन्स्टन नावाच्या एका कृष्णवर्णीय कारागिराकडून त्याने मेलेल्या पक्ष्यांत पेंढा भरून ते टिकवण्याची कला शिकून घेतली. एडमन्स्टन हा दक्षिण अमेरिकेत पूर्वी गुलाम होता. त्याने शिकवलेली ही विद्या डार्विनला पुढे कोठे उपयोगी पडली, ते आपण पाहूच.

वैद्यक जमत नाही, तर धर्मोपदेशक तरी हो, असे वडिलांनी सांगितले, आणि १८२८ साली डार्विन केंब्रिजच्या महाविद्यालयात दाखल झाला. येथे त्याला भुंगेरे गोळा करण्याचे वेड लागले. एके दिवशी एका जुनाट झाडाची साल उपटताच त्याला दोन दुर्मीळ भुंगेरे दिसले. त्याने दोन्ही हातांत एकेक पकडला. इतक्यात तिसरा, अगदी नव्या जातीचा भुंगेरा दिसला. आता काय करावे? त्याने उजव्या हातातला भुंगेरा सरळ तोंडात टाकला! त्या किड्याने असा जळजळीत रस सोडला की, जीभ भाजली आणि त्याला तो थुंकून टाकावा लागला. तो तर निसटलाच. वर तिसराही हाती लागला नाही.

ही गोष्ट वाचून तुम्ही हसाल, आणि हसावेच. पण या वेडाकडे जरा निराळ्या दृष्टीने पाहा. दोन भुंगेऱ्यांच्या पाठीवरील ठिपक्यांत केवळ एका ठिपक्याचा फरक असला, तरी तो हेरणारी नजर त्याने या काळात कमावली. कोणता किडा कोठल्या झाडावर, कोणत्या ऋतूत सापडतो, हे त्याने लक्षात ठेवले. थंडीच्या दिवसांत जुन्या झाडांवरचे शेवाळ खरवडून आणण्यासाठी त्याने एक मजूरही ठेवला होता. हे सारे कोठे चालले होते? महाविद्यालयापासून पायी जाण्याच्या अंतरावर. त्यासाठी त्याला समुद्र ओलांडावा लागला नाही.

केंब्रिजमध्ये हेन्स्लो नावाचे वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक होते. विद्यार्थ्यांना घेऊन ते कधी पायी, कधी गाडीने, तर कधी नदीतून होडीने आसपासच्या दलदलीच्या प्रदेशात जात आणि वाटेत दिसेल त्या वनस्पतीविषयी, प्राण्याविषयी बोलत. डार्विन त्यांच्याबरोबर इतका हिंडे की, इतर प्राध्यापक त्याला हेन्स्लोंबरोबर फिरणारा मुलगा म्हणूनच ओळखू लागले. वर्गात जे त्याला कंटाळवाणे वाटे, तेच वाटेवर गोड वाटे.

१८३१ च्या ऑगस्ट महिन्यात भूशास्त्राचे प्राध्यापक सेजविक यांच्याबरोबर तो वेल्सच्या डोंगरांत गेला. सेजविक त्याला आपल्या वाटेला समांतर अशा दुसऱ्या वाटेने पाठवीत. खडकांचे नमुने गोळा करायचे, थर कोणत्या दिशेला कललेले आहेत ते पाहायचे आणि नकाशावर नोंदवायचे, हे त्याचे काम. गुरूचा निरोप घेतल्यावर या बावीस वर्षांच्या तरुणाने एक धाडस केले. रुळलेली वाट सोडून, केवळ होकायंत्र आणि नकाशा यांच्या आधाराने, डोंगर ओलांडीत तो सरळ रेषेत बार्मथ या गावी जाऊन पोचला.

याच प्रवासातली आणखी एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. कूम इडवाल नावाच्या एका दरीत गुरुशिष्यांनी कित्येक तास खडक तपासले. प्राचीन प्राण्यांचे अश्मीभूत अवशेष ते शोधीत होते. त्या दरीतून एके काळी प्रचंड हिमनदी वाहिली होती. तिने खडकांवर ओढलेले ओरखडे आणि इतस्ततः टाकून दिलेले अवजड धोंडे त्यांच्या भोवतीच होते; परंतु दोघांपैकी एकालाही त्यांचा अर्थ कळला नाही. पुढे हिमनद्यांविषयीचे ज्ञान वाढले, आणि १८४२ साली डार्विन पुन्हा त्या दरीत गेला, तेव्हा त्या खुणा त्याला स्वच्छ वाचता आल्या. पाय त्याच जागी पोचले होते. पाहणारे डोळे मात्र आता निराळे होते. साहसात पायांचा वाटा अर्धाच असतो. उरलेला अर्धा डोळ्यांचा आणि बुद्धीचा असतो.

वेल्सहून तो घरी परतला, तेव्हा एक पत्र त्याची वाट पाहत होते. दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्यांची मोजणी करण्यासाठी बीगल नावाचे जहाज निघणार होते. जहाजाच्या कप्तानाला सृष्टिनिरीक्षणाची आवड असलेला एक सोबती हवा होता, आणि हेन्स्लोंनी डार्विनचे नाव सुचवले होते. आपल्याबरोबर रानात हिंडताना या विद्यार्थ्याने काय काय पाहिले आणि कसे पाहिले, हे त्यांना ठाऊक होते. परीक्षेत आलेल्या गुणांवरून ही निवड झाली नव्हती, हे ध्यानात घ्या.

परंतु वडिलांनी नकार दिला. हा बेत वेडगळ आहे. धर्मोपदेशक होणाऱ्याला असली भटकंती शोभत नाही. अशाने मुलगा कायमचा अस्थिर होईल, असे त्यांचे आक्षेप होते. मात्र त्यांनी एक फट उघडी ठेवली. व्यवहारज्ञान असलेला एक जरी माणूस तू जावेस असे म्हणाला, तर मी परवानगी देईन, असे ते म्हणाले. डार्विनने वडिलांची आज्ञा मानून नकाराचे पत्र लिहिले आणि तो आपल्या मामांच्या गावी गेला. मामांनी भाच्याकडून वडिलांच्या आठही आक्षेपांची यादी करून घेतली आणि एकेका आक्षेपाला शांतपणे, लेखी उत्तर दिले. ते वाचून वडिलांचे मन वळले. इतकेच नव्हे, तर प्रवासाचा सारा खर्च त्यांनी स्वतः सोसला. एका मामाने त्या दिवशी कागद पुढे ओढला नसता, तर जीवसृष्टीच्या इतिहासाविषयीचे एक थोर पुस्तक कदाचित त्या माणसाकडून लिहिलेच गेले नसते.

२७ डिसेंबर १८३१ रोजी बीगल इंग्लंडचा किनारा सोडून निघाले आणि २ ऑक्टोबर १८३६ रोजी परत आले. जहाजावर डार्विनला बोट लागे, आणि ते दुखणे अखेरपर्यंत सुटले नाही. परंतु या सुमारे पाच वर्षांतील तीन वर्षांहून अधिक काळ त्याने जमिनीवरच काढला. तो घोड्यावरून गवताळ मैदाने तुडवीत गेला. नामशेष झालेल्या महाकाय प्राण्यांची हाडे त्याने दरडींतून खणून काढली. २० फेब्रुवारी १८३५ रोजी चिलीच्या किनाऱ्यावर तो झाडीत विसावला असताना भूकंप झाला. काही दिवसांनी त्याने पाहिले, तर किनाऱ्याची जमीनच काही फूट वर उचलली गेली होती. त्यानंतर अँडीज पर्वत ओलांडताना हजारो फूट उंचीवरच्या खडकांत त्याला समुद्रातील शिंपल्यांचे अवशेष दिसले. किनारा असा थोडाथोडा वर येत गेला, तर प्रदीर्घ काळात समुद्रतळाचाही पर्वत होईल, ही गोष्ट त्याच्या मनात दृढ झाली.

आता जरा मागे वळून पाहा. अँडीजमधील थर वाचण्याची विद्या त्याला कोणी दिली? वेल्सच्या डोंगरांनी. समुद्री जीव ओळखणे तो कोठे शिकला? एडिंबरोच्या किनाऱ्यावर. पक्षी टिकवून इंग्लंडला पाठवण्याचे कसब कोणाचे? एडमन्स्टनने शिकवलेले. घराजवळची ही शिदोरी पाठीशी नसती, तर त्याच जहाजातून तोच प्रवास करूनही तो रिकाम्या हातांनी परतला असता. हौशी प्रवासी तेव्हाही होते आणि आजही आहेत. ते पुष्कळ लांब जातात, छायाचित्रे घेऊन येतात. पण काय पाहिले, असे विचारले, तर जागांच्या नावांपलीकडे त्यांना फारसे सांगता येत नाही.

शिदोरीत उणीव राहिली, तर तीही परदेशात जाणवते. गॅलापागोस बेटांवर डार्विनने लहान लहान पक्षी गोळा केले. परंतु कोणता पक्षी कोणत्या बेटावर मिळाला, याची नोंद त्याने काळजीपूर्वक ठेवली नाही. हे पक्षी निरनिराळ्या जातींचे आहेत, असे पक्षिशास्त्रज्ञ गूल्ड यांनी १८३७ साली सांगितले, तेव्हा त्या नोंदींचे महत्त्व कळले, आणि जहाजावरील इतरांनी केलेल्या संग्रहांचा त्याला आधार घ्यावा लागला. केवळ चिठ्ठी लावण्याचा कंटाळा किती महाग पडतो, ते पाहा!

या प्रवासानंतर डार्विन काय करीत राहिला असेल? आणखी दूरच्या सफरी? नाही. तो पुन्हा कधीही आपल्या देशाबाहेर गेला नाही. १८४२ साली त्याने केंट परगण्यातील डाऊन या खेड्यात घर घेतले आणि उरलेले सारे आयुष्य तेथे काढले. घराजवळ त्याने एक पायवाट तयार करून घेतली होती. तिच्यावर तो रोज फेऱ्या घाली आणि विचार करी. प्राण्यांच्या नव्या जाती कशा उद्भवतात, हे सांगणारा त्याचा जगप्रसिद्ध ग्रंथ १८५९ साली याच घरातून बाहेर पडला.

आणि त्याचे अखेरचे पुस्तक कशाविषयी असावे? गांडुळांविषयी! १८४२ साली त्याने घराजवळच्या शेतात खडूचा थर पसरून ठेवला आणि तब्बल २९ वर्षे वाट पाहून १८७१ साली तेथे चर खणला. गांडुळांनी खालची माती वर आणून टाकल्यामुळे तो थर सात इंच खोल गेला होता. गांडुळांना ऐकू येते का, हे पाहण्यासाठी घरच्या मंडळींनी त्यांच्यापुढे वाद्ये वाजवली. गांडुळांनी नुसत्या सुरांची दखल घेतली नाही. मात्र त्यांची कुंडी पियानोवर ठेवून पट्टी दाबताच ती भराभर बिळात शिरली. आवाज नव्हे, तर कंप त्यांना जाणवतो, हे यावरून समजले. १८८१ साली हे पुस्तक प्रसिद्ध झाले, आणि पुढच्याच वर्षी डार्विनचा मृत्यू झाला. जो पृथ्वीप्रदक्षिणा करून आला होता, त्याला अखेरीस अंगणातली मातीही पुरून उरली.

यावर काही आक्षेप निघतील. भटकणारा प्रत्येक विद्यार्थी काही डार्विन होत नाही, असे कोणी म्हणेल. ते खरेच आहे. शाळा बुडवून हिंडा, असेही मी म्हणत नाही. डार्विनने १८३१ साली पदवीपरीक्षा दिली, तेव्हा आपल्या गटातील १७८ विद्यार्थ्यांत तो दहावा आला होता. आणि आपण गणिताचा चांगला अभ्यास केला नाही, याची खंत त्याला पुढे जन्मभर वाटली. पुस्तक आणि रान यांत वैर नाही. पुस्तकाने प्रश्न कळतात आणि रानात त्यांची उत्तरे शोधता येतात. कधी याच्या उलटही घडते.

डार्विनचे वडील श्रीमंत होते, आम्हांला हे कसे परवडेल, असाही आक्षेप येईल. त्याचे उत्तर आपल्याच महाराष्ट्रात आहे. थोर पक्षिशास्त्रज्ञ सलीम अली १९३० साली जर्मनीतून शिक्षण घेऊन परतले, तेव्हा त्यांची नोकरी उरली नव्हती. ते अलिबागजवळच्या किहीम या समुद्रकाठच्या खेड्यात जाऊन राहिले. तेथे जवळच सुगरण पक्ष्यांची वस्ती होती. रिकामपणाचे रडगाणे न गाता ते दिवसचे दिवस त्या पक्ष्यांकडे पाहत बसले. नर अर्धे घरटे विणतो, मादी येऊन ते पारखते, तिला पसंत पडले, तरच ते पुरे होते, आणि मग नर दुसरे घरटे विणायला घेतो, हे सारे त्यांनी बारकाईने टिपले. या अभ्यासाने त्यांचे नाव झाले. त्याला लागले काय? वेळ, चिकाटी आणि वही.

तिसरा आक्षेप धोक्याचा आहे, आणि तो मी सर्वांत गंभीर मानतो. पावसाळ्यात दुथडी भरलेल्या ओढ्यात उतरणे किंवा निसरड्या कड्याच्या टोकाशी उभे राहणे याला साहस म्हणत नाहीत. तो अविचार होय. घरी सांगितल्याशिवाय जाऊ नये, एकट्याने जाऊ नये, आभाळ भरून आले की मागे फिरावे आणि मागे फिरण्यात कमीपणा मानू नये. ही शिस्त घराजवळच्या टेकडीवर अंगी बाणते, म्हणूनच तर ती टेकडी शाळा ठरते. आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. डार्विनच्या काळी पक्षी मारून संग्रह करीत. आज पुष्कळ जीव दुर्मीळ झाले आहेत आणि आपल्या देशात १९७२ सालापासून वन्यजीवांच्या संरक्षणाचा कायदा आहे. तेव्हा अंडी, घरटी, पाखरे यांना हात न लावता केवळ पाहावे आणि लिहावे.

पाहण्यासारखे काय आहे, असे मात्र विचारू नका. सह्याद्रीच्या कड्यांवर आडवे थर तुम्ही किती वेळा पाहिले असतील! सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी ज्वालामुखींच्या उद्रेकांतून बाहेर पडलेल्या लाव्हाचे ते थर आहेत. ते दिसतात सर्वांना. पण 'हे कशामुळे?' असा प्रश्न किती जण विचारतात? पहिल्या पावसानंतर मखमली तांबडा मृगाचा किडा कोठून येतो आणि पुढे कोठे जातो? पळस फुलला की त्याच्यावर कोणकोणते पक्षी येतात? काखेत कळसा आणि गावाला वळसा, अशी आपली स्थिती होऊ नये.

म्हणून, मुलांनो, एक करा. घरापासून पायी जाता येईल अशी एखादी जागा निवडा. मोठ्या शहरात राहत असाल, तर एखादे झाडही पुरेल. आठवड्यातून एकदा तेथे जा आणि तारीख घालून जे दिसेल ते वहीत लिहा. हा नेम वर्षभर पाळा. पहिले चार आठवडे लिहिण्यासारखे काही नाही असे वाटेल. पुढे मात्र पान अपुरे पडू लागेल. आणि घरच्या वडीलधाऱ्यांना माझी विनंती आहे की, मुलाच्या चपलांना लागलेला चिखल पाहून रागावण्यापूर्वी त्यांनी त्याची वही एकदा उघडून पाहावी. त्या इंग्रज मामांनी केले त्याहून अवघड असे त्यात काही नाही.